फाइल बंद कोण करतो?

जुलै २०११च्या अखेरीस कर्नाटकचे लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी बेल्लारीतल्या बेकायदा लोहखनिज उत्खननावरचा आपला अहवाल सरकारच्या हाती ठेवला. अहवालात खुद्द मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांच्यावर ठपका होता. महिना संपायच्या आत त्यांना खुर्ची सोडावी लागली. त्या वर्षी देशभर लोकपालाचे वारे वाहत होते आणि हेगडे स्वतः जनलोकपालाचा मसुदा करणाऱ्या समितीवर होते. ‘अधिकार दिले की काय होतं ते पाहा,’ असे सांगायला कर्नाटकाइतके चांगले उदाहरण नव्हते.

चार वर्षांनी त्याच कार्यालयातून दुसरी बातमी आली. लोकायुक्तांचा छापा पडणार आहे, तो टाळायचा असेल तर एक कोटी रुपये आणा, अशी मागणी एका कार्यकारी अभियंत्याकडे झाल्याचा आरोप पुढे आला. लोकायुक्तांच्याच पोलीस शाखेतल्या अधीक्षक सोनिया नारंग यांनी तो लेखी कळवला, म्हणून प्रकरण दडपता आले नाही. जुलै २०१५मध्ये विशेष तपास पथकाने तत्कालीन लोकायुक्त वाय. भास्कर राव यांच्या मुलाला अटक केली. डिसेंबरात भास्कर रावांनी राजीनामा दिला. कुंपणानेच शेत खाल्ले, असे लोक म्हणाले, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

तिसरा अंक २०१६चा. सिद्धरामय्या सरकारने या बदनामीनंतर वेगळा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग काढला, लोकायुक्तांच्या पोलिसांचे अधिकार त्याच्याकडे दिले आणि हा विभाग मुख्यमंत्र्यांना उत्तरदायी ठेवला. ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांच्याच हातात दोरी गेली. चौथा अंक ऑगस्ट २०२२चा: कर्नाटक उच्च न्यायालयाने हा विभाग रद्द केला आणि अधिकार पुन्हा लोकायुक्तांकडे आले. मधल्या काळात, खाणप्रकरणातून निघालेल्या लाचेच्या एका खटल्यात सीबीआयच्या विशेष न्यायालयाने २०१६मध्ये येडियुरप्पांना निर्दोष सोडले होते.

अकरा वर्षांत एकाच राज्यात भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेची सगळी रूपे दिसली. त्यातून साधारण दोन निष्कर्ष काढले जातात. एक पक्ष म्हणतो, यंत्रणेला आणखी दात द्या. दुसरा म्हणतो, दात दिले की ती आपल्यालाच चावते. दोघांचाही हिशेब अधिकार किती, या एकाच मापाने चालतो. पण २०११ आणि २०१५ या दोन्ही वर्षी कर्नाटकच्या लोकायुक्तांकडे अधिकार तेच होते. त्या अधिकाराने एकदा मुख्यमंत्री हलवला आणि एकदा छापा टाळण्याचा भाव ठरवल्याचा आरोप ओढवून घेतला. याचा उलगडा अधिकाराच्या मापाने होत नाही.

२०११च्या वादाकडे या नजरेने पुन्हा पाहण्यासारखे आहे. ऑगस्टात रामलीला मैदानावर अण्णा हजारे उपोषणाला बसले, तेव्हा जनलोकपालाच्या मसुद्यात पंतप्रधानांपासून न्यायाधीशांपर्यंत आणि खालच्या कारकुनापर्यंत सगळे एका छत्राखाली होते. तपास, फोन टॅपिंग, खटला, नागरिकांच्या तक्रारींचे निवारण, सगळे त्याच संस्थेकडे. अरुणा रॉय आणि माहिती अधिकार चळवळीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच वेगळी मांडणी केली होती: वरिष्ठ पातळीवरच्या भ्रष्टाचाराला एक संस्था, न्यायव्यवस्थेला दुसरी, तक्रारनिवारणाला तिसरी. गर्दीच्या घोषणांत ही मांडणी बुडाली. ‘सरकारधार्जिणी’ असा शिक्काही तिच्यावर बसला. आज मागे वळून पाहता त्या वादातला अधिक विचारी आवाज तोच होता, तरीही एक प्रश्न त्या मांडणीतसुद्धा पुरेसा पुढे आला नाही. तो सगळ्यात कंटाळवाणा प्रश्न आहे: प्रकरण बंद करण्याचा अधिकार कोणाकडे?

छापा, अटक, जप्ती हे अधिकार डोळ्यांत भरतात. त्यांच्याविरुद्ध कोर्टात जाता येते, जामीन मागता येतो, वर्तमानपत्रात ओरड करता येते. पण ‘पुरावा नाही, प्रकरण दप्तरदाखल’ असा शेरा मारण्याच्या अधिकाराविरुद्ध सहसा कोणी जात नाही. आरोपी जाणार नाही, तो सुटलेला असतो. यंत्रणा जाणार नाही, शेरा तिचाच असतो. उरला तक्रारदार, आणि त्याला बहुतेक वेळा कळवलेलेही नसते. खंडणीचा धंदा नेमका याच फटीत चालतो. बंगळुरूत लोकायुक्तांच्या कार्यालयात, आरोपानुसार, भाव छाप्याचा नव्हे, छापा न टाकण्याचा लागला होता.

खालच्या पातळीवर आपल्याकडचीच एक पद्धत यापेक्षा शहाणी आहे. फेरफार नोंदीसाठी तलाठ्याने पैसे मागितले म्हणून एखादा शेतकरी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेला, तर अधिकारी लगेच गाडी काढत नाहीत. आधी मागणीची पडताळणी होते. तक्रारदाराला आवाज टिपणारे यंत्र देऊन पंचासोबत पाठवतात आणि तलाठी खरेच मागतो का ते ऐकतात. पंच बहुधा दुसऱ्याच सरकारी खात्यातले असतात, तक्रारदाराचे पाहुणे नव्हेत. मग नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून घेतात आणि नोटांना पावडर लावतात. महाराष्ट्रात बराच काळ अँथ्रासीन वापरत आले आहेत, ते अतिनील दिव्याखाली चमकते. फिनॉल्फ्थॅलीन असेल, तर सोड्याच्या पाण्यात बोटे बुडवताच पाणी गुलाबी होते. एवढे झाले तरी काम संपत नाही. नुसते पैसे हातात सापडून भागत नाही, मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. डिसेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पुन्हा सांगितले, आणि तक्रारदार फितूर झाला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, हेही त्यात जोडले.

चार-पाच हजारांच्या चिरीमिरीसाठी एवढा बंदोबस्त: त्रयस्थ पंच, ध्वनिमुद्रण, पंचनामा, न्यायालयातली कसोटी. अधिकाऱ्याच्या मनात आले म्हणून कोणाला अडकवता येऊ नये, आणि खरोखर पैसे खाणारा सुटू नये, अशी दोन्ही टोके या पद्धतीने बांधली आहेत. तलाठ्याकडून मंत्र्याकडे जाताना मात्र हे पंच गळून पडतात.

सिंचन घोटाळ्याचे पाहा. मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र २०१२मध्ये बाहेर आले, अजित पवारांनी त्या वर्षी उपमुख्यमंत्रिपद सोडले, माधव चितळे समिती बसली, लाचलुचपत विभागाची चौकशी लागली. नोव्हेंबर २०१८मध्ये याच विभागाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे प्रतिज्ञापत्र देऊन अनियमिततेसाठी तत्कालीन मंत्री म्हणून पवारांकडे बोट दाखवले. जेमतेम वर्षभराने, राज्यात सत्तेचे तीन खेळ होऊन गेल्यावर, याच विभागाने दुसरे प्रतिज्ञापत्र दिले: पवारांवर जबाबदारी निश्चित होत नाही. मध्ये, २५ नोव्हेंबर २०१९ रोजी, फडणवीस-पवारांचे औटघटकेचे सरकार असताना नऊ चौकशा बंद झाल्याची बातमी आली. त्यांचा पवारांशी संबंध नाही, असे विभागाने सांगितले. ते खरे असेलही, आणि दोन प्रतिज्ञापत्रांपैकी दुसरेच बरोबर असणेही शक्य आहे. पण हे तपासायला नागरिकाच्या हातात काय होते? नऊ फायली कोणत्या कारणाने बंद झाल्या, हे त्रयस्थ म्हणून वाचून पाहण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. विभाग गृहखात्याच्या अखत्यारीत, आणि गृहखाते ज्याची सत्ता त्याचे.

दिल्लीचे चित्र वेगळे नाही. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने एप्रिल २०२४मध्ये एक तपशीलवार वृत्त दिले. २०१४पासून तपासाच्या फेऱ्यात असताना भाजपमध्ये गेलेल्या पंचवीस विरोधी नेत्यांपैकी तेवीस जणांना दिलासा मिळाला होता. त्यांत तीन प्रकरणे बंद झाली आणि वीस थंड पडली. काँग्रेसच्या काळात सीबीआयची गत निराळी होती असे नाही. मे २०१३मध्ये कोळसा प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटले, ते मनमोहन सिंगांच्या सरकारात.

हाँगकाँगने हीच फट १९७४मध्ये ओळखली होती. तिथल्या पोलीस दलातला वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी पीटर गॉडबर चौकशी सुरू असताना १९७३मध्ये हाँगकाँगबाहेर पळाला. लोक रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारी १९७४मध्ये स्वतंत्र आयोग स्थापन झाला. आयोगाचे अधिकार कडक होते. पगाराच्या मानाने ऐश्वर्य जास्त दिसले, तर खुलासा अधिकाऱ्याने करायचा, इथपर्यंत. पण खटला भरायचा की नाही, हे आयोग ठरवत नाही, ते सरकारी विधी विभाग ठरवतो. आणि एकदा हाती घेतलेले प्रकरण आयोगाला स्वतःच्या मर्जीने गुंडाळता येत नाही. बहुतांशी सरकारबाहेरच्या लोकांची एक आढावा समिती असते, बंद करायची प्रकरणे तिच्यापुढे मांडावी लागतात. आयोगाच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी आणखी वेगळी समिती आहे.

हाँगकाँगलाही सगळे जमले असे नाही. १९७७मध्ये चिडलेले पोलीस आयोगाच्या कार्यालयात घुसले आणि गव्हर्नरांना जुन्या गुन्ह्यांसाठी मोठ्या प्रमाणात माफी जाहीर करावी लागली. पुढे आयोगाचे एक माजी आयुक्त मेजवान्या आणि भेटवस्तूंवरच्या उधळपट्टीमुळे २०१३मध्ये स्वतःच चौकशीत सापडले. आढावा समितीच्या नेमणुका सरकारप्रमुख करतो, त्यामुळे सरकारच बिघडले तर समिती किती तग धरेल, ही शंका रास्त आहे. तरीही मूळ रचना शिकण्याजोगी आहे: पकडण्यावर न्यायालयाचा पहारा आणि सोडण्यावर त्रयस्थांचा.

मग पहारा कोणीही ठेवला तरी चालेल का? इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. ‘यंत्रणेवर अंकुश हवा’ हे वाक्य ज्यांना अंकुशाची सर्वाधिक भीती वाटते, त्यांच्या तोंडी फार शोभते. भारतात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या चौकशीआधी सरकारची परवानगी घ्यावी, असा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये विनीत नारायण प्रकरणात तो रद्द केला. संसदेने २००३मध्ये तो कायद्याच्या रूपाने परत आणला, तो न्यायालयाने २०१४मध्ये पुन्हा रद्द केला. २०१८मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ घालून परवानगी तिसऱ्यांदा आली. या वेळी शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांना तिचे कवच मिळाले, आणि तीही पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आव्हानाला सामोरी गेली.

परवानगीच्या बाजूचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता यांना २०१७मध्ये खाणपट्टा वाटपाच्या प्रकरणात दोषी ठरवले गेले, तेव्हा अनेक आजीमाजी अधिकारी उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. गुप्तांनी पैसे घेतल्याचे कोणी म्हणत नव्हते. कायद्याची तेव्हाची भाषाच अशी होती की सार्वजनिक हिताविना कोणाला आर्थिक लाभ झाला, तर निर्णय घेणारा गुन्हेगार. असा कायदा असेल तर शहाणा अधिकारी निर्णयच घेणार नाही, टिपणी वर पाठवत बसेल. पण त्या अन्यायाचे मूळ कलमाच्या शब्दांत होते आणि २०१८च्या दुरुस्तीने ते शब्द काढले. रोगावर औषध दिल्यानंतर वर परवानगीची पट्टी कशासाठी? प्रामाणिक अधिकाऱ्याचे रक्षण करायचेच असेल तर ते न्यायाधीशाने करावे, ज्या मंत्र्याच्या तोंडी सूचनेवरून निर्णय झाला त्याने नव्हे.

महाराष्ट्राचा नवा लोकायुक्त कायदा याच खड्ड्यात गेला. अण्णांच्या आग्रहामुळे आलेले विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२मध्ये आणि विधान परिषदेने वर्षभराने संमत केले. मुख्यमंत्री कक्षेत आले म्हणून पाठ थोपटली गेली. पण मुख्यमंत्र्यांची चौकशी सुरू करण्याआधी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती अशी अट विधेयकात होती. ज्याच्या मागे बहुमत आहे म्हणून तो मुख्यमंत्री आहे, त्याच्याविरुद्ध दोन तृतीयांश मते गोळा करायची! 

इंडोनेशियात तर ‘देखरेख’ हा शब्दच हत्यार झाला. तिथल्या भ्रष्टाचार निर्मूलन आयोगाने मंत्री, राज्यपाल, संसदेचा सभापती अशा बड्यांना तुरुंगात पाठवले होते. २०१९मध्ये संसदेने कायदा बदलून आयोगावर देखरेख मंडळ बसवले, फोन टॅपिंगला मंडळाची परवानगी लावली आणि कर्मचाऱ्यांना सरकारी नोकर केले. पुढे राष्ट्रनिष्ठेच्या एका परीक्षेत ‘नापास’ झाल्याचे सांगून पन्नासहून अधिक जणांना घरी पाठवले, त्यांत नावाजलेले तपास अधिकारी होते. टॅपिंगची परवानगी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०२१मध्ये रद्द केली, पण तोवर आयोगाचे कंबरडे मोडले होते. २०२३मध्ये आयोगाचे अध्यक्षच खंडणीच्या आरोपात संशयित ठरले.

उलट टोक ब्राझीलचे. २०१४मध्ये कुरितिबा शहरातून सुरू झालेल्या ‘लावा जातो’ मोहिमेने सरकारी तेल कंपनीतली लूट उघडी पाडली. उद्योगपती आणि राजकारणी रांगेने तुरुंगात गेले. लोकांनी न्यायाधीश सर्जिओ मोरो यांना डोक्यावर घेतले. मोरोंनी माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांना शिक्षा ठोठावली, त्यामुळे लुलांना २०१८ची निवडणूक लढवता आली नाही. ती निवडणूक जिंकलेल्या बोल्सोनारोंच्या मंत्रिमंडळात मोरो न्यायमंत्री झाले. मग न्यायाधीश आणि सरकारी वकील यांच्यातले खासगी संदेश फुटले. निकाल देणारा माणूस फिर्यादी पक्षाला सल्ले देत होता. २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि मोरोंना पक्षपाती ठरवले. लूट खरी होती, पण खटले एकामागून एक कोसळले. घाईचा फायदा शेवटी लुटारूंनाच झाला.

महाराष्ट्राला हा धडा जवळपास चार दशकांपूर्वीच मिळाला आहे. सिमेंट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२मध्ये मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले पायउतार झाले. फौजदारी खटला रेंगाळू नये म्हणून १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला. हेतू चांगला होता. पण १९८८मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने मान्य केले की कायद्यात नसलेला हा रस्ता काढून न्यायालयानेच आरोपीचा हक्क डावलला, त्याची अपिलाची एक पायरी हिरावली. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने आपली चूक जाहीरपणे कबूल करून दुरुस्त केली, तेही जनमत ज्याच्या विरोधात होते अशा माणसासाठी. आज ईडीच्या कायद्यात जामीन मिळवण्यासाठी आरोपीनेच आपण प्रथमदर्शनी निर्दोष असल्याचे पटवायचे असते, तेव्हा १९८८ची ती सावधगिरी फार दूरची वाटते. मार्च २०२५मध्ये सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार दहा वर्षांत राजकीय व्यक्तींवर ईडीने १९३ गुन्हे नोंदवले आणि शिक्षा झाली दोन प्रकरणांत. शिक्षा दोन, पण तुरुंगातले महिने अनेकांच्या वाट्याला आले. अटकच शिक्षेचे काम करू लागली की खटला जिंकण्याची निकड तपास यंत्रणेलाही उरत नाही.

एक आक्षेप उरतो. एवढ्या समित्या, एवढे पंच, एवढी टिपणे. यात बडा मासा सापडणार कधी? आपल्याकडच्या यंत्रणा आधीच संथ आहेत. लोकपाल कायदा जानेवारी २०१४मध्ये लागू झाला, पहिला लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडला. विरोधी पक्षनेता अधिकृत नाही म्हणून निवड समिती अडली, हे कारण. नेमणुकीनंतरही चौकशी आणि अभियोग संचालकांची पदे काही वर्षे रिकामी होती. पण इथे वेळ गेला तो सरकारने नेमणूक टाळल्यामुळे, कोणाच्या देखरेखीमुळे नव्हे. आणि उशीर झाला म्हणून नेमलेली संस्था आपोआप आपल्या मर्यादेत राहते असेही नाही. जानेवारी २०२५मध्ये लोकपालांनी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आपल्या कक्षेत येतात, असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात स्वतःहून दखल घेत त्याला स्थगिती दिली.

कागद पाहण्याचा अधिकार मात्र कितीही वाटला तरी बिघडत नाही. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४पासून गावोगाव जनसुनवाया भरवल्या. हजेरीपट मोठ्याने वाचला जायचा आणि त्यात मेलेल्या, परगावी गेलेल्या माणसांची नावे मजुरी घेताना सापडायची. वाचणाऱ्यांना ना अटकेचा अधिकार होता ना छाप्याचा. त्यातूनच २००५चा माहिती अधिकार कायदा उभा राहिला. महाराष्ट्रात ‘आदर्श’ सोसायटीचे प्रकरण कागद मिळवणाऱ्यांनीच पुढे आणले. ही नजर राखणदारावरही पडते. अण्णांच्या आरोपांवरून नेमलेल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोगाने २००५मध्ये मंत्र्यांवर ताशेरे ओढले, तसेच अण्णांच्या हिंद स्वराज ट्रस्टच्या पैशातून त्यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर झालेल्या खर्चावरही बोट ठेवले. म्हणूनच २०२३च्या डिजिटल विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले कलम आठ बदलून वैयक्तिक माहितीवर सरसकट पडदा टाकायची तरतूद केली, हे ईडीच्या अधिकारांइतकेच गंभीर आहे. लाभार्थींची यादी, अधिकाऱ्याची मालमत्ता, कंत्राटदाराचे नाव, सगळेच कोणाचे ना कोणाचे ‘वैयक्तिक’ असते.

महाराष्ट्रात यातले बरेच काही नवा घटनात्मक डोलारा न उभारता करता येईल. मुख्यमंत्र्यांच्या चौकशीची संमती विधानसभेकडून काढून उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे द्यावी. लाचलुचपत विभागाने आणि लोकायुक्तांनी बंद केलेले प्रत्येक प्रकरण निवृत्त न्यायाधीश, लेखापरीक्षक आणि विरोधी पक्षाने सुचवलेला एक सदस्य अशा समितीपुढे जावे. बंद करण्याची कारणे वर्षातून एकदा विधिमंडळाच्या पटलावर यावीत. निराधार तक्रारीत ज्यांचे नाव आले त्यांची अब्रू जाऊ नये, म्हणून नावे झाकावीत, पण खाते, रक्कम आणि कारण झाकू नये. अशी समिती २०१९च्या नोव्हेंबरात असती, तर त्या नऊ फायलींवर तिला सही करावी लागली असती किंवा नकार द्यावा लागला असता, आणि दोन्हींपैकी जे झाले असते ते कागदावर राहिले असते. या मागणीसाठी कोणी रामलीला मैदानावर बसलेले नाही. पण नव्या लोकायुक्त कायद्यात पुढे जेव्हा दुरुस्ती होईल, तेव्हा आमदारांनी आधी विचारायचा प्रश्न हाच आहे: फाइल बंद कोण करणार?